टाळ्या कोणासाठी?

सूर्यकिरणची नऊ विमानं एकमेकांना चिकटून उडताना अंगावर काटा येतोच. आपल्या अकोल्यात शिवणीची धावपट्टी वाढवायची चर्चाच संपत नाही, त्यामुळे आपला एअर शो टीव्हीवरच! असो.

१९९६ साली बिदरला ही टीम सुरू झाली, तेव्हा विमान होतं एचएएलचं किरण. त्याचं पहिलं उड्डाण १९६४ चं. २०११ मध्ये टीम थांबवली, कारण नवीन पायलटांना शिकवायलाच विमानं कमी पडत होती. देशाची शान घालवली, असं म्हणणारे भेटतात. मला मात्र तो निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो. आधी शिकवणं, मग शो. पुढे टीम परत आली ती हॉक घेऊन. हॉक एचएएलमध्ये बनलं खरं, पण डिझाईन ब्रिटिश आणि इंजिन रोल्स रॉइसचं.

मग किरणची जागा घ्यायला बनवलेलं आपलं सितारा कुठे गेलं? ते २००३ मध्ये उडालं आणि स्पिनमध्ये अडकलं. स्पिन म्हणजे विमान गरागरा फिरत खाली येतं. शिकाऊ पायलटला त्यातून बाहेर पडायला शिकवावंच लागतं, म्हणून ट्रेनरमध्ये ही खोट चालतच नाही. शेवटी २०२२ मध्ये दोन्ही बाजूंना सहा-सहा फेऱ्यांची स्पिन चाचणी पार पडली. एकोणीस वर्षं! त्या इंजिनिअरांना कोणी टाळ्या वाजवल्या?

टेकफेस्टला एअर शोचे व्हिडिओ लावण्यापेक्षा या स्पिनवर एक सेमिनार ठेवा. मेसमध्ये प्रोजेक्टर लावायचं काम माझ्याकडे.