शस्त्रक्रियेची वाट आणि आळसाचा ठपका

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया ही आळशांची पळवाट, असे म्हणणाऱ्यांनी त्याआधीची उपासतापासाची वर्षे पाहिलेली नसतात. खाणे कमी केले की शरीर भूक वाढवते, ऊर्जा जपून वापरते. म्हणूनच उतरलेले वजन बहुधा परत येते. जठराचा मोठा भाग काढल्यावर भूक जागवणारे घ्रेलिन घटते, हे नुसत्या निर्धाराने साधत नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. अनेकांना मधुमेह आणि झोपेत कोंडणारा श्वास यांतून सुटका हवी असते. (बरे दिसण्याची हौसही असते; त्यात गैर काय?) धोके आहेतच: आयुष्यभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या, काहींचे पुन्हा वाढणारे वजन. पण बायपासला निघालेल्या हृदयरुग्णाला ‘आधी चालायला जायचे होते’ असे कुणी सुनावत नाही. लठ्ठ माणसाला मात्र सर्रास सुनावतात.