इतिहासाच्या दालनात रहस्यकथेचा वाचक

दिवसभराच्या व्यवहारातून मोकळे झाल्यावर रात्रीच्या निवांत घटकेला कोणते पुस्तक हाती घ्यावे, या प्रश्नाला मराठी वाचकाने पिढ्यान् पिढ्या प्रामुख्याने दोन उत्तरे दिली आहेत. एक रहस्यकथा आणि दुसरे ऐतिहासिक कादंबरी. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या १८७१ सालच्या 'मोचनगड'पासून सुरू झालेली ऐतिहासिक कादंबरीची वाट हरिभाऊ आपटे, नाथमाधव, ना. सं. इनामदार, रणजित देसाई यांच्यामार्गे विश्वास पाटलांच्या 'पानिपत'पर्यंत येऊन पोहोचली आणि पुढेही चालूच राहिली. दुसरीकडे हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने आणि काळापहाडने फिरत्या वाचनालयांच्या फळ्या कधी भरू दिल्या नाहीत. पुस्तक परत येण्याआधीच पुढचा वाचक दारात उभा असे.

ही दोन्ही उत्तरे बहुधा एकाच माणसाची असतात. परंतु पुस्तक बदलले की तो माणूसही बदलतो. रहस्यकथा वाचताना तो कोणावरही विश्वास ठेवीत नाही. घरातील जुन्या नोकराने पाहिलेली सावली, डॉक्टरांनी सांगितलेली मृत्यूची वेळ, विधवेचे अश्रू, सारे काही तो तपासून घेतो. तोच वाचक ऐतिहासिक कादंबरी उघडतो तेव्हा संशयाचे शस्त्र उंबरठ्याबाहेर ठेवून आत शिरतो. कादंबरीकाराने ज्याला खलपुरुष ठरविले तो खलपुरुष आणि जिला कपटी ठरविले ती कपटी. पासबुकातील दहा रुपयांचा फरक शोधण्यासाठी बँकेत दोन फेऱ्या घालणारा सुजाण गृहस्थ, दोनशे वर्षांपूर्वी निधन पावलेल्या एखाद्या स्त्रीवरील खुनाचा आरोप मात्र एकही व्हाउचर न मागता मान्य करतो. रहस्यकथेतील आरोपी काल्पनिक असतो, इतिहासातील आरोपी खरोखरच जगून गेलेला असतो. मग संशयाची खरी गरज कोठे अधिक आहे?

या प्रश्नाचा विचार करावयास लावणाऱ्या पुस्तकांत जोसेफिन टे यांच्या 'द डॉटर ऑफ टाइम' या १९५१ सालच्या इंग्रजी कादंबरीचा मान पहिला. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर ॲलन ग्रँट पाय मोडून रुग्णालयात पडला आहे. छताकडे पाहून कंटाळलेल्या या रुग्णाच्या हाती इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्या चित्राची प्रत येते. या राजाने १४८३ साली आपल्या दोन अल्पवयीन पुतण्यांना लंडनच्या टॉवरमध्ये ठेवून त्यांचा काटा काढला, असे तेथील शाळकरी मूलही सांगते. ग्रँटला मात्र त्या चेहऱ्यात खुनी दिसत नाही. एका तरुण अमेरिकन संशोधकाला हाताशी धरून तो अंथरुणातूनच तपास आरंभतो. साक्षीदार कोण होता? घटनेच्या वेळी त्याचे वय काय होते? ऐकीव माहिती कोणती आणि प्रत्यक्ष पाहिलेले कोणते? पुतण्यांच्या मृत्यूने लाभ कोणाचा झाला?

या प्रश्नांची उत्तरे वाचकाला हादरवून टाकतात. रिचर्डच्या काळ्या चरित्राचा एक मुख्य आधार म्हणजे सर टॉमस मोर यांचा ग्रंथ. पण रिचर्ड १४८५ साली बॉसवर्थच्या रणांगणावर पडला तेव्हा मोर अवघे सात-आठ वर्षांचे होते. पुढे ते ज्या जॉन मॉर्टनच्या घरी वाढले, तो मॉर्टन रिचर्डचा वैरी होता. म्हणजे साक्ष ऐकीव, आणि तीही शत्रूच्या घरची! ब्रिटनमधील रहस्यकथालेखकांच्या संघटनेने १९९० साली आजवरच्या सर्वश्रेष्ठ शंभर गुन्हेकथांची निवड केली, तेव्हा पहिला क्रमांक याच पुस्तकाला दिला. एकही पाठलाग नाही, एकही गोळीबार नाही, आणि तरीही पान उलटल्यावाचून राहवत नाही, ही या लेखिकेची किमया होय.

तथापि हे पुस्तकही त्याच्याच कसोटीवर घासून पाहिले पाहिजे. चेहऱ्यावरून माणसाचे अंतरंग ओळखता येते, हे ग्रँटचे गृहीतक कोणत्याही न्यायालयात टिकणारे नाही. शिवाय आपल्या अशिलाविषयी प्रेम जडलेल्या वकिलाप्रमाणे तो अनुकूल कागद दिव्याखाली धरतो आणि प्रतिकूल कागद बाजूला सारतो. डोमिनिक मॅन्सिनी हा इटालियन गृहस्थ १४८३ साली लंडनमध्ये होता. ती मुले टॉवरमध्ये दिवसेंदिवस कमी दिसू लागली आणि अखेरीस दिसेनाशीच झाली, असे त्याने त्याच काळात लिहून ठेवले आहे. त्याचा हा वृत्तान्त १९३६ साली प्रसिद्ध झालेला होता. तेव्हा संशयाचे बीज केवळ पुढच्या राजवटीने पेरले, असे म्हणता येत नाही. २०१२ साली लेस्टर शहरातील एका मोटारतळाखाली रिचर्डचा सांगाडा सापडला. त्याचा कणा एका बाजूला वाकलेला होता; मात्र नाटकातून दिसणारे कुबड किंवा वाळलेला हात यांचा त्यात मागमूस नव्हता. शत्रूंनी अतिशयोक्ती केली होती, पण सारेच रचलेले नव्हते. पुतण्यांचे काय झाले, हे तो सांगाडा सांगू शकत नाही. खऱ्या इतिहासातील तपास असाच अर्धा उजेड देऊन थांबतो.

इटालियन पंडित उंबेर्तो इको यांची 'द नेम ऑफ द रोझ' ही १९८० सालची कादंबरी या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटते. १३२७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात उत्तर इटलीतील एका ख्रिस्ती मठात सात दिवसांत एकामागून एक मृत्यू घडतात आणि विल्यम ऑफ बास्करव्हिल हा फ्रान्सिस्कन साधू त्यांचा शोध घेतो. बास्करव्हिल हे नाव वाचताच शेरलॉक होम्सच्या वाचकाच्या ओठांवर स्मित उमटते. ही कादंबरी सोपी नाही. पहिली शंभर पाने धर्मशास्त्रीय वादांनी जड झाली आहेत आणि अनेकांनी ती तेथेच मिटलीही असतील. परंतु जो नेटाने पुढे जातो, त्याला मठाचे चक्रव्यूहासारखे ग्रंथालय दिसते, ज्ञान कोणासाठी खुले असावे आणि कोणी कुलूपबंद करावे यावरून पेटलेला झगडा दिसतो. आणि शेवटी, सत्यापर्यंत पोहोचूनही आपली अनुमानसाखळी चुकीची होती, अशी कबुली देणारा नायक भेटतो. ही नम्रता रहस्यकथेत क्वचित आढळते आणि ऐतिहासिक कादंबरीत त्याहूनही क्वचित.

भारतीय साहित्यात या दोन्ही प्रांतांवर सारखीच हुकमत गाजविणारा लेखक म्हणजे बंगालीतील शरदिंदु बंद्योपाध्याय. त्यांचा ब्योमकेश बक्षी १९३२ साली अवतरला. १९९३ साली बासू चटर्जींच्या दूरदर्शन मालिकेमुळे तो देशभरच्या घराघरांत पोहोचला. मराठी वाचकाला विशेष जवळीक वाटावी अशी गोष्ट म्हणजे, चित्रपटसृष्टीच्या निमित्ताने मुंबईस आलेले शरदिंदु पुढे १९५२ च्या सुमारास पुण्यात स्थायिक झाले. कोलकात्याच्या गल्ल्यांतील कितीतरी रहस्ये अशा रीतीने पुण्यात बसून उलगडली गेली. शिवकालातील सदाशिव नावाच्या मराठी मुलाच्या कथाही त्यांनी बंगाली बालकांसाठी लिहिल्या.

ब्योमकेशला 'गुप्तहेर' हा शब्द रुचत नाही. तो स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवितो. त्याच्या कथांचे सामर्थ्य या एका शब्दात आहे. 'दुर्गरहस्य' या कथेत १८५७ च्या धामधुमीत लपविलेल्या खजिन्याचा धागा वर्तमानातील मृत्यूपर्यंत येऊन पोहोचतो. भूतकाळ हा येथे केवळ सजावटीचा पडदा न राहता गुन्ह्याचे कारणच होतो. 'तुंगभद्रार तीरे' ही त्यांची १९६५ सालची कादंबरी विजयनगरच्या दुसऱ्या देवरायाच्या काळात घडते. राजाच्या भावाने मेजवानीचे निमित्त करून घडविलेल्या हत्याकांडाची हकिकत, हेरातहून १४४३ साली आलेल्या अब्दुर्रझाक या वकिलाने लिहून ठेवली आहे. कादंबरीतील कारस्थानामागे ही नोंद जाणवते. कलिंगाची राजकन्या आणि नदीतून वाहत आलेला तरुण यांची प्रेमकथा मात्र उघडउघड कल्पनेची आहे. योगायोगांची संख्या थोडी अधिक झाली आहे, हे मान्य करावे लागेल. तरीही इतिहास कोठे संपतो आणि गोष्ट कोठे सुरू होते, हे वाचकाच्या ध्यानात येते. तो फसविला जात नाही.

आता वळावे ते आपल्याच अंगणाकडे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. थकलेल्या पगाराचा गलका करीत गारदी वाड्यात शिरले आणि जीव वाचविण्यासाठी चुलत्याकडे धावलेल्या पुतण्याला चुलत्याच्याच समक्ष त्यांनी कापून काढले. चौकशी केली ती रामशास्त्री प्रभुणे यांनी, आणि जो पेशवा होऊ पाहत होता त्या रघुनाथरावालाच त्यांनी दोषी ठरविले. कोणत्याही रहस्यकथेतील तपासनिसाला हेवा वाटावा, असा हा अध्याय आहे.

परंतु जनमानसात या खुनाची ओळख उरली ती 'ध'चा 'मा' या दोन अक्षरांत. पत्रातील 'धरावे' या शब्दाचे आनंदीबाईंनी 'मारावे' केले, ही कथा मराठी भाषेत वाक्प्रचार होऊन बसली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०९ सालच्या 'भाऊबंदकी'ने आणि 'प्रभात'च्या १९४४ सालच्या 'रामशास्त्री' चित्रपटाने त्या काळाची चित्रे पिढ्यांच्या मनावर कोरली. या कलाकृती थोर आहेत, याविषयी दुमत नाही. पण येथे ग्रँटचे प्रश्न विचारून पाहावेत. खाडाखोड केलेला तो कागद कोणी पाहिला? तो आज कोठे आहे? अक्षर आनंदीबाईंचेच होते, हे कोणी ओळखले? कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली, पण ते मूळ पत्र काही पुढे आले नाही. आनंदीबाई निर्दोष होत्या, असे यावरून सिद्ध होत नाही. महत्त्वाकांक्षा त्यांच्या ठायी असेलही. सिद्ध होते ते इतकेच की, ज्या पुराव्यावर रहस्यकथेचा वाचक एखाद्या काल्पनिक पात्रालाही दोषी मानणार नाही, त्या पुराव्यावर एका खऱ्या स्त्रीला पिढ्यान् पिढ्या शिक्षा भोगावी लागली. कटात सामील असलेल्या अनेक पुरुषांची नावे केवळ अभ्यासकांना ठाऊक, आणि आनंदीबाईंचे नाव मात्र घरोघरी!

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा गौरव करताना ही सावधगिरी सुटता कामा नये. रणजित देसाईंच्या १९६२ सालच्या 'स्वामी'तील थोरल्या माधवरावांचा थेऊर येथील अंतकाळ वाचताना आजही कंठ दाटून येतो. 'पानिपत'ने १९८८ साली सदाशिवरावभाऊंकडे पाहण्याची अनेकांची दृष्टी बदलली. दशकानुदशके एका पराभवाचे सारे माप ज्याच्या पदरात घातले गेले, त्या सेनापतीची अडचण, उपासमार आणि जिद्द या कादंबरीने सामान्य वाचकापर्यंत पोहोचविली. कादंबरी अन्याय करू शकते, तशी ती अन्याय दूरही करू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय. त्यासाठी लागणारी सामग्री मात्र इतरांच्या कष्टांतून आलेली असते. गावोगाव हिंडून, दप्तरे धुंडाळून राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तो पानिपतापर्यंतच्या दशकातील पत्रांचाच. कादंबरीकाराच्या प्रतिभेखाली असा अनाम श्रमांचा पाया असतो.

तेव्हा ऐतिहासिक कादंबऱ्या वाचूच नयेत काय? तसे मुळीच नाही. रूक्ष कागदपत्रे माणसांना बोलते करीत नाहीत. ते काम कादंबरीच करते. अपेक्षा आहे ती दोन्ही बाजूंनी थोड्या प्रामाणिकपणाची. कादंबरीकाराने शेवटी दोन पाने राखून ठेवावीत आणि कोणता प्रसंग कागदांतून आला, कोणता आपण रचला, हे सांगून टाकावे. त्यामुळे रसभंग होत नाही. उलट कल्पनेच्या झेपेचे अधिकच कौतुक वाटते. आणि वाचकाने रहस्यकथांतून कमावलेली संशयी नजर ऐतिहासिक कादंबरी उघडतानाही सोबत ठेवावी. डोळे पाणावू द्यावेत, मन हेलावू द्यावे. परंतु निकाल देण्यापूर्वी साक्षीदार कोण, हे एकदा विचारावे.

टे यांच्या पुस्तकाचे नाव 'सत्य ही काळाची कन्या' या जुन्या म्हणीवरून आले आहे. काळाने ती कन्या कोठेतरी सांभाळून ठेवलेली असते. कधी मोटारतळाखाली, तर कधी एखाद्या देवघराच्या माळ्यावर बांधून ठेवलेल्या मोडीच्या रुमालात. ती बाहेर येईपर्यंत, ज्यांना आता स्वतःच्या बचावासाठी बोलता येत नाही त्यांच्याविषयीचा निकाल थोडा राखून ठेवणे, एवढे सौजन्य तरी वाचकाने दाखवावयास हवे.