विमानाचं इंजिन थंडीत का रुसतं? आणि ते गरम होण्याचं बिल कोणी भरायचं?

डिसेंबर-जानेवारीत राज्यातल्या थंड ठिकाणांची यादी निघाली, की अहिल्यानगरचं नाव त्यात बहुतेक वेळा असतंच. पारा दहाच्या खाली गेला की जुनी बाईक किक मारून मारून घाम काढते. छोट्या प्रशिक्षण विमानांचंही तसंच होतं. शिर्डीला उतरणारी प्रवासी विमानं टर्बाइनवर चालतात, त्यांचा हा प्रश्न नाही. पण जिल्ह्यातली मुलं पायलट होण्यासाठी बारामती किंवा धुळ्याला जातात, तिथल्या सेसनासारख्या विमानांना पिस्टन इंजिन असतं.

थंडीत नेमकं काय होतं?

ठिणगीनं पेटते ती पेट्रोलची वाफ, आणि गारठ्यात वाफ कमी तयार होते. त्याच वेळी बॅटरीची ताकद घटते आणि ऑइल घट्ट होतं. म्हणजे स्टार्टरला जास्त जोर लागतो तेव्हाच बॅटरी कमजोर असते.

सर्वात महागडं नुकसान मात्र दिसत नाही. लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. घट्ट ऑइल तिथे उशिरा पोचतं आणि तोवर धातूवर धातू घासतो.

मग हीटर लावावा लागतो का?

आपल्याकडे नाही. लायकमिंगच्या सूचनेनुसार बहुतेक इंजिनं आधी गरम करण्याची गरज साधारण उणे १२ अंशांखाली पडते. नगरची थंडी तिथवर जात नाही. आपला खरा शत्रू घाई आहे.

चुका कुठे होतात?

इंजिन लागत नाही म्हणून जास्त प्राइमिंग केलं किंवा थ्रॉटल पुढेमागे केला, तर इंधन साचतं आणि बॅकफायर झाला की आग लागू शकते. अशा वेळी स्टार्टर सोडायचा नसतो; फिरतं इंजिन ज्वाळा आत ओढून घेतं.

स्टार्टरलाही मर्यादा आहे. सेसना १७२ एसमध्ये १० सेकंद फिरवा, २० सेकंद थांबा. असं तीनदा करूनही जमलं नाही, तर १० मिनिटं विश्रांती. इंजिन लागल्यावर ३० सेकंदांत ऑइल प्रेशर दिसलं नाही, तर बंद करा. दिसलं, तर हजार आरपीएमच्या आसपास ठेवून गरम होऊ द्या. थ्रॉटल पुढे नेल्यावर इंजिन न अडखळता उचललं, म्हणजे ते तयार आहे.

आपल्याकडे पहाटे सात-आठ अंश आणि दुपारी तीस, हे नेहमीचंच. म्हणून एकाच ग्रेडच्या जाड ऑइलपेक्षा मल्टिग्रेड सोयीचं.

कार्ब्युरेटरवाल्या जुन्या विमानांत आणखी एक धोका आहे. आत हवा एकदम थंड होते, त्यामुळे बाहेर १५ अंश असतानाही दमट सकाळी कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. गोठवणारी थंडी नाही म्हणून निर्धास्त राहणं इथेच अंगाशी येतं.

बिलाचा मुद्दा काय?

माझ्या मते खरी गोम इथे आहे. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. उड्डाणाचा वेळ मोजला जातो तो विमान टेकऑफसाठी जागचं हललं, तेव्हापासून. पण जिथे पैसे इंजिन चालू असल्याच्या मीटरवर आकारले जातात, तिथे उभ्या विमानात इंजिन गरम करण्याची मिनिटं विद्यार्थ्याच्या खिशातून जातात आणि लॉगबुकात येत नाहीत. घरच्यांनी शेत गहाण टाकून पाठवलेला मुलगा अशा वेळी घाई करणारच. त्याला शिस्तीचे धडे देऊन हे सुटणार नाही.

उपाय साधा आहे. हिवाळ्यात सकाळच्या पहिल्या उड्डाणाला इंजिन गरम करण्याची ठरावीक मिनिटं संस्थेनं बिलातून वगळावीत आणि वेळापत्रकात धरावीत. यात संस्थेचाही फायदा आहे. १७२ एसच्या इंजिनाचं ओव्हरहॉल २,००० तासांनी अपेक्षित असतं. कॅमशाफ्ट आधीच झिजला तर येणारा खर्च त्या मिनिटांपेक्षा कितीतरी मोठा असतो.

प्रवेश घेताना फी सगळेच विचारतात. मीटर कधी सुरू होतो, हेही पालकांनी विचारावं.