मोहल्ला समित्यांचा धडा

1970 आणि 1984 च्या दंगलींत होरपळलेली भिवंडी, 1992-93 साली मुंबई पेटली असता शांत राहिली. याचे श्रेय बव्हंशी पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1988 पासून उभारलेल्या मोहल्ला समित्यांना जाते. तेथे केवळ पुढारी नव्हे, तर दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी पोलिसांसमवेत बसत. परंतु असा विश्वास एकदा मिळवून भागत नाही. 2006 साली पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून त्याच शहरात लोक व पोलीस एकमेकांविरुद्ध उभे ठाकले. वस्तीतील तरुणांच्या हाती काठी-शिट्टी देऊन त्यांना खबरे बनविणे म्हणजे लोकसहभाग नव्हे. जिला पोलिसांना जाब विचारता येत नाही, ती समिती सत्तेची चाकरच ठरणार. कार्यकर्त्यांनी गस्तीत जरूर उतरावे; मात्र हा अधिकार आधी मागून घ्यावा.