ज्याचा दिवस, त्याचा पहारा

तुर्कस्तानातल्या अलान्या बंदराजवळ १९७० च्या सुमारास चांगल्या जागांवरून मच्छीमारांत मारामाऱ्या होत. मग तिथल्या सहकारी संस्थेतले लोक एकत्र बसले. जाळी लावायच्या जागा त्यांनी ठरवल्या, त्यांची नावं लिहून काढली. एकाच्या जाळ्याने दुसऱ्याचा मासा अडू नये, इतकं अंतर मध्ये सोडलं. सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकायच्या, निघेल त्या जागेवरून सुरुवात करायची आणि रोज एक जागा पूर्वेला सरकायचं. जानेवारीनंतर पश्चिमेला. शंभरेक माणसं, एका होडीत दोघं-तिघं. उत्तम जागा प्रत्येकाच्या वाट्याला येई. ही घडी बसायला दहाहून अधिक वर्षं लागली.

अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात हे उदाहरण मांडलं. पुढे त्यांना अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. तेव्हापासून चिठ्ठ्यांचं कौतुक बरंच झालं. मला त्याहून मोलाची वाटते ती जागांची यादी. सगळ्यांच्या संमतीने झालेली ही यादी दरवर्षी महापौरांकडे आणि तिथल्या पोलिसांकडे ठेवली जाई. सरकारचं काम जवळपास तेवढंच. गस्त मच्छीमारच घालत. आज उत्तम जागा ज्याची, तो पहाटेच तिथे पोचणार. दुसरा कोणी घुसला असेल तर त्याला तो दिसणारच. बाकीचेही त्याच्याच बाजूने उभे राहणार, कारण उद्या-परवा तीच जागा त्यांची असते. क्वचित झालेली आगळीक गावच्या कॉफीच्या दुकानात मिटे.

आपल्या सिंधुदुर्गात रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, माणसंही हेच करत आली आहेत. कोणाची रापण कुठे पडायची, आधी कोण, मागून कोण, वाटे कसे पाडायचे, हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते तोंडीच. महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याला नौका कळते, परवाना कळतो, जाळं आणि अंतर कळतं. आज या पाण्यावर पहिला हक्क कोणत्या रापण संघाचा, हे मात्र त्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून पर्ससीन जाळ्याची यांत्रिक नौका किनाऱ्याशी आली की रापणकार फक्त तक्रारदार ठरतो. तो तिला अडवायला गेला, तर गुन्हा त्याच्यावरच नोंदवला जाण्याची भीती.

मोठ्या यांत्रिक नौकेला आपसातली समजूत रोखू शकत नाही, हे खरं. तिथे गस्तीनौकाच हवी. पण कोणाच्या हक्कासाठी निघायचं, हे त्या गस्तीनौकेलाही माहीत असायला हवं. ते आज कुठल्या कागदावर आहे? मत्स्यव्यवसाय विभागाने नवी योजना आखण्याआधी रापण संघांना बोलवावं. त्यांच्या जागा, त्यांचा क्रम त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावा, सह्या घ्याव्यात आणि एक प्रत पोलिस ठाण्यात ठेवावी. पुढच्या हंगामाआधी एवढं सहज होण्यासारखं आहे.