आवार मोटारींचे की मुलांचे?

पिंपरी-चिंचवड परिसरातील कोणत्याही गृहसंकुलात शिरावे. रखवालदाराच्या चौकीशेजारी एक पाटी हमखास आढळते : ‘येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे.’ कोठे तिच्यात सायकलीची भर पडलेली असते, तर कोठे दंडाची रक्कमही लिहिलेली असते. या पाटीची आपणां सर्वांना इतकी सवय झाली आहे की, ती वाचून कोणाच्या मनात प्रश्न म्हणून उठत नाही. त्याच संकुलातील माता-पिता मात्र रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्हांला गाठतात आणि म्हणतात, “फादर, मुलगा मोबाईल सोडतच नाही. तीन वर्षांचा आहे, पण हातातून काढून घेतला की जमिनीवर लोळण घेतो. तुम्हीच त्याला काहीतरी सांगा.”

सांगावयाचे ते आम्ही येथे सांगतो, आणि ते त्या बालकाच्या वडीलधाऱ्यांना सांगतो. मुलाने मैदान टाकून मोबाईल धरलेला नाही. त्याच्या पायांखालची माती आधी आपण काढून घेतली आणि तो रडू लागला तेव्हा त्याने गप्प बसावे म्हणून मोबाईल त्याच्या हाती दिला. घटनांचा क्रम हा असा आहे. तो उलटा करून लेकरालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा अन्याय आहे, आणि हा अन्याय आपल्या धर्मग्रामांत राजरोस चालू आहे.

हे शहर यंत्रांसाठी वसले, ही गोष्ट प्रथम मान्य करावी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या शेतांवर भूखंड आखले गेले. नगर जिल्ह्यातून, वसईहून, गोव्याहून, मंगळूर आणि केरळहून आपली कुटुंबे पोटामागे येथे आली. तरीही एच. ए. कॉलनीसारख्या जुन्या कामगार वसाहतींत झाडे होती, दोन इमारतींच्या मध्ये मोकळी जागा होती, आणि संध्याकाळी तेथे डबा ऐसपैसचा गलका होई. पुढे मात्र सारे पालटले. १९९१ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत पाच लाखांवर माणसे होती. २०११ मध्ये ती सव्वासतरा लाख झाली. १९९७ मध्ये आसपासची गावे हद्दीत आली हे हिशेबात धरूनही ही वाढ छाती दडपविणारी आहे. चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या जमिनीच्या आखणीत एकदशांश जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी, असा राज्याच्या बांधकाम नियमावलीचा दंडक आहे. ती जागा नकाशावर राहतेही. प्रत्यक्षात तिच्यावर हिरवळ लावलेली असते आणि हिरवळीवर पाऊल ठेवू नये, अशी आणखी एक पाटी असते! (२०१६ च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात एच. ए. कंपनीच्या मैदानावर भरले होते. मराठीच्या भवितव्याची चिंता आम्हीही वाहतो. परंतु भाषा मुलांच्या तोंडी वाढते ती खेळताना, भांडताना आणि ‘राज्य’ कोणावर यावरून वाद घालताना, हे कोणत्या ठरावात लिहावे?)

आमच्यावर एक आक्षेप हमखास येईल आणि तो खोटा नाही. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला बाप दुपारी झोपलेला असतो. दोन खोल्यांच्या घरात लहान मूल धावू-ओरडू लागले तर त्याची झोप मोडते. अपुऱ्या झोपेचा कामगार यंत्रावर उभा राहिला तर बोट जाण्याचे भय असते. अशा वेळी आईने मुलाला कोपऱ्यात बसवून मोबाईल दिला, तर आम्ही तिला कोणत्या तोंडाने बोल लावावा? आजी गावाकडे राहिली, शेजारीण स्वतः कामाला जाते. भरीस भर म्हणजे येथील अनेक कारखान्यांची सुटी गुरुवारी आणि शाळेची रविवारी. बाप मोकळा असतो तेव्हा मूल शाळेत, मूल मोकळे असते तेव्हा बाप पाळीवर. या माउलीशी आमचे भांडण नाही. पण याच कारणास्तव, झोपलेल्या कामगाराच्या खिडकीपासून दूर, सर्वांच्या सामाईक मालकीची, सुरक्षित अशी मोकळी जागा मुलांना हवी, असे आमचे म्हणणे आहे. घर लहान असेल तर अंगण मोठे हवे. आपण घरही लहान केले आणि अंगणही पुसून टाकले.

अंगण या शब्दावरून आठवले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पाड्यावरची मुले शाळेत येत नाहीत, हे दिसताच त्यांनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. गुरे चरत असत आणि मुले तेथेच शिकत असत. दगड, पाने, बिया, शंख ही त्यांची शैक्षणिक साधने. १९७५ पासून देशभर अंगणवाड्या झाल्या, त्यांचे नाव येथून आले. आज शहरातील कितीतरी अंगणवाड्यांना अंगण नाही, आणि महागड्या बालवर्गांना तर त्याची खंतही नाही. तेथे साडेतीन वर्षांचे पोर दोन ओळींत अक्षर बसवीत असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या वयाचे शिक्षण खेळातून व्हावे असे सांगितले. पण गृहपाठाची वही भरलेली दिसली नाही की पालकच शाळेत तक्रार नेतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या एप्रिलमध्ये पाच वर्षांखालील बालकांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाला पडद्यासमोर बसवूच नये. त्यानंतर पाचव्या वर्षापर्यंत दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको. आणि वर्षभराच्या पुढच्या मुलाला दिवसातून निदान तीन तास हालचाल घडावी. तीन तास! आपल्या घरांत हे प्रमाण नेमके उलटे भरेल.

आता आमच्या आस्थेच्या विषयाकडे येतो. काही धर्मनिष्ठ मंडळींना वाटते की, खेळ ही धर्मशिक्षणातून चोरलेली वेळ आहे. त्यांना आम्ही विचारतो, प्रभू येशूने दाखले कशाचे दिले? पेरणाऱ्याचे, खडकाळ जमिनीचे, काट्याकुट्यांचे, मोहरीच्या दाण्याचे, हरवलेल्या मेंढराचे. ज्या मुलाने मातीत बोट खुपसून बी लावले नाही, ते दुसऱ्या दिवशी उकरून पाहिले नाही आणि ‘अजून का उगवत नाही’ म्हणून रुसले नाही, त्याला पेरणाऱ्याचा दाखला म्हणजे पाठ करावयाचे चार शब्द. जक्कय उंबरावर चढला, हे ऐकून झाडावर चढलेले मूल हसते, कारण एवढा मोठा माणूस झाडावर कसा चढला असेल हे त्याला डोळ्यांपुढे दिसते. न चढलेले मूल नुसते ऐकून घेते. पुण्याच्या या पट्ट्यात दिवाळीला मुले मातीचा किल्ला करीत. आता बाजारात तयार किल्ला मिळतो, तो आणून गॅलरीत ठेवावयाचा. नाताळच्या गोठ्याचे तेच झाले. पूर्वी मुले पंधरा दिवस आधी वाडग्यात गहू किंवा नाचणी पेरून गोठ्यासाठी हिरवळ उगवीत. आता प्लॅस्टिकचे गवत वाराने मिळते. बेथलेहेमच्या गोठ्यातून मातीच गेली, तर बाळ येशू मानव झाला याचा अर्थ त्या लेकरांना कोणत्या पुस्तकातून समजावयाचा?

खेळाला पाप मानणाऱ्यांनी संत थॉमस अक्वायनस यांचा ‘सुम्मा थिओलॉजिका’ उघडावा. सद्गुणांच्या विवेचनात या महापंडिताने खेळाचाही विचार केला आहे. सदैव ताणलेले धनुष्य मोडते, ही योहानाची जुनी कथा सांगून ते म्हणतात की, मनाला विश्रांती लागते आणि ती खेळातून मिळते. इतकेच नव्हे, तर स्वतः न हसणारा आणि दुसऱ्याच्या खेळावर विरजण घालणारा माणूस विवेकाविरुद्ध वागतो. गृहसंकुलाच्या कार्यकारिणीवर निवडून आलेल्या आमच्या कॅथलिक बंधूंनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

संत जॉन बॉस्को यांचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. १८४४ ते १८४६ या काळात ट्युरिन शहरात ते आपली मुले घेऊन अक्षरशः दारोदार फिरले. एका ठिकाणी गलक्याची तक्रार झाली, दुसऱ्या ठिकाणी दार बंद झाले. भाड्याने घेतलेल्या कुरणाच्या मालकांनी सांगितले की, मुलांनी गवताची मुळेसुद्धा तुडविली, तेव्हा निघा. १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागात एक गळकी पडवी आणि तिच्याभोवतीची थोडी जमीन मिळाली. मुलांना खेळावयास जागा हवी, हे त्या जागेचा सौदा करतानाही ते विसरले नाहीत. गवत वाचविणाऱ्या त्या मालकांची नावे आज केवळ त्या संताच्या चरित्रात उरली आहेत.

आणि आवाजाचा त्रास होतो म्हणणाऱ्या आमच्या वयोवृद्धांना जखऱ्या संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायाचे स्मरण करून देतो. परमेश्वराने पुन्हा वसविलेल्या यरुशलेमचे जे चित्र त्याने रेखाटले, त्यात हातात काठी घेतलेले म्हातारे-म्हाताऱ्या चौकात बसले आहेत आणि त्याच चौकात मुले-मुली खेळत आहेत. दोघांसाठी वेगळ्या वेळा ठरविल्याचा उल्लेख तेथे नाही.

पुस्तकांविषयी थोडेच लिहितो, कारण तेथे अडचण जागेची नाही, आळसाची आहे. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तके दोन-तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन दाखविण्याजोगी आहेत. त्यांतले घर आपल्याच घरासारखे आहे. गुरुवारी सुटी असलेल्या बापाने रात्री पंधरा मिनिटे एक पुस्तक मोठ्याने वाचले, तेच पुस्तक मुलाच्या हट्टाखातर सलग दहा दिवस वाचले, तर बिघडले काय? चर्चच्या सभागृहातील कपाटात संतचरित्रे आहेत, पण काचेआड, आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. पुस्तके मुलांच्या उंचीवर, उघड्या फळीवर ठेवावीत. फाटतील. चिकटपट्टी मिळते.

हे सारे लिहिण्यास निमित्तही घडले आहे. चर्चच्या आवाराला सिमेंटचे ठोकळे बसवून ते मोटारींसाठी राखावे आणि मुलांना तेथे खेळण्यास मनाई करावी, अशी सूचना आमच्या धर्मग्राम परिषदेपुढे आली आहे. सूचना मांडणारे सज्जन आहेत. पावसाळ्यात चिखल होतो, मोटारीला ओरखडा उठतो, ही त्यांची गाऱ्हाणी आम्ही ऐकली. परंतु आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. त्यांतील मिस्सासाठी मोटारी उभ्या राहतात ते चार-पाच. एवढ्यासाठी उरलेले सर्व तास ती जमीन मुलांना परकी करावी काय? परिसरात माती म्हणावी अशी हीच एक जागा उरली आहे.

आम्ही या सूचनेला विरोध केला आहे. आमची योजना साधी आहे. रविवारच्या मिस्साच्या वेळी मोटारी पुढच्या भागात राहाव्यात, तेवढ्यापुरते ठोकळे बसवावेत. मागची चिंचेखालची जमीन मातीचीच ठेवावी, एका कोपऱ्यात वाळूची गाडी रिकामी करावी, आणि फाटक रोज सायंकाळी साडेचार ते साडेसात उघडे असावे. जात-धर्म न विचारता शेजारच्या चाळींतील मुलांनाही आत येऊ द्यावे. देखरेखीसाठी गुरुवारी सुटी असलेल्या वडिलांनी आणि इतर दिवशी निवृत्त कामगारांनी पाळ्या लावून घ्याव्यात. पाळी लावणे या शहराला शिकवावे लागत नाही. लगोरी, भोवरा, विटीदांडू त्यांनाच येतात, आणि भातुकली मांडण्यात आज्यांचा हात कोण धरील? सभागृहाच्या त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी बसविली की चेंडूची भीतीही उरणार नाही. जाळीचा खर्च ठोकळ्यांच्या खर्चापुढे किरकोळ आहे; परिषदेच्या पुढील बैठकीत दोन्ही अंदाजपत्रके आम्ही शेजारी शेजारी ठेवणार आहोत.