ग्रामीण रस्ते आणि वेगाची मर्यादा

ग्रामीण मार्गांवरील वाहनांची कमाल वेगमर्यादा खाली आणावी, अशी सूचना निघाली की तिला विरोध करण्यासाठी जे सद्गृहस्थ पुढे सरसावतात, त्यांत त्याच रस्त्यासाठी वर्षानुवर्षे अर्ज करून कचेऱ्यांचे उंबरठे झिजविलेली मंडळीही असतात; म्हणून त्यांचा विरोध हा केवळ उतावळ्या चालकांचा हट्ट होय, असे समजून तो झटकून टाकणे न्याय्य होणार नाही. त्यांचे मुख्य आक्षेप चार आहेत, आणि त्यांचा क्रमाने परामर्श घेणे अगत्याचे आहे.

पहिला आक्षेप असा की, एवढ्या प्रतीक्षेनंतर डांबर पडले, तर आता त्यावरून वेगाने का जाऊ नये? परंतु डांबराने रस्त्याचा केवळ पृष्ठभाग सुधारतो. त्याची रुंदी, त्याची वळणे आणि वळणापलीकडचे दिसण्याचे अंतर बहुधा पूर्वीइतकेच राहते. 2000 साली सुरू झालेल्या ग्रामसडक योजनेतील डांबरी पट्टा साधारणतः पावणेचार मीटरांचा असतो, आणि समोरून वाहन आले की दोहोंपैकी एकाला तरी साइडपट्टीवर उतरावेच लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीने सपाट प्रदेशातील अशा रस्त्यांची आखणी ताशी 50 किलोमीटर वेग गृहीत धरून करण्यास सांगितले आहे. उलट केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेने महामार्गेतर रस्त्यांवर मोटारीस 70 किलोमीटरपर्यंत मुभा दिली आहे. तेव्हा मर्यादा 50 वर आणणे म्हणजे अभियंत्याच्या आखणीशी कायद्याचा मेळ घालणे होय. त्यात रयतेवर नवा जुलूम कोणता?

दुसरा आक्षेप कालापव्ययाचा. तालुक्याचे गाव 15 किलोमीटरांवर असेल, तर सबंध वाट 70 च्या वेगाने जाणाऱ्यास सुमारे 13 मिनिटे लागतील आणि 50 च्या वेगाने जाणाऱ्यास 18; म्हणजे ज्यासाठी एवढा वाद, ती बचत पाच मिनिटांची. तिचे मोल काय पडते? धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर पहिली मोटार तेवढ्यात 19 मीटरांहून अधिक पुढे जाते, दुसरी 14. आणि आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने पहिलीचा तडाखा जवळजवळ दुप्पट बसतो. अत्यवस्थ रोग्याचे कारण पुढे केले जाते. पण तातडीच्या कामावरील रुग्णवाहिकेस वेगमर्यादेतून सूट देण्याची तरतूद नियमांत आहेच.

तिसरा आक्षेप असा की, अपघातांचे खरे कारण वेग नसून खड्डे, मोकाट गुरे आणि मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या हे आहे. ही कारणे खरी आहेत, आणि त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. परंतु गळिताच्या हंगामात रात्रीच्या अंधारातून अशी ट्रॉली अकस्मात समोर येण्याचा संभव ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्यावर वेग अधिक असावा की कमी, याचे उत्तर आक्षेपकांच्या म्हणण्यातच दडलेले आहे.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: नुसत्या फलकाने वेग उतरत नाही, दंडवसुली मात्र वाढते. फ्रान्सचा अनुभव या आक्षेपाच्या बाजूने सांगता येईल. तेथील सरकारने 1 जुलै 2018 पासून दुभाजक नसलेल्या दुतर्फा रस्त्यांची मर्यादा 90 वरून 80 केली. ग्रामीण भागात प्रक्षोभ उसळला, आणि 2019 च्या अखेरीस कायदा बदलून 90 ची मर्यादा पुन्हा लागू करण्याची मुभा जिल्हा पातळीवरील सत्तेस द्यावी लागली. यावरून कमी वेगाची कल्पनाच फोल ठरली, असे मी मानीत नाही. राजधानीतून एकसारखे सुटलेले फर्मान लोकांच्या गळी उतरत नाही, एवढेच मी त्यातून घेतो.

आपल्याकडे त्याची गरजही नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 112 वे कलम राज्य सरकारला, अथवा त्याने अधिकार दिलेल्या अंमलदाराला, रस्त्याचे स्वरूप पाहून मर्यादा कमी करण्याचा अधिकार देते. सबब माझे प्रतिपादन असे की, ग्रामसभेने आपल्या हद्दीतील धोक्याची ठिकाणे ठरावाने नमूद करावीत, बांधकाम खात्याने त्यांची जागेवर पाहणी करावी, आणि ग्रामीण व इतर जिल्हा मार्गांवर 50, तर गावठाण, शाळा व एस.टी.चा थांबा यांच्या आसपास 30 ही मर्यादा अधिसूचित व्हावी. शिवाय फलकाच्या जोडीला रंगविलेले गतिरोधक आणि उंचावलेली ओलांडणी असावी, म्हणजे दंडाच्या पावतीविनाही वेग उतरेल.

ही मागणी लोकमताच्या विरुद्ध आहे, असे मला मुळीच वाटत नाही. गावच्या वेशीवर एखादे मूल वाहनाखाली सापडले की तोच गाव रास्ता रोको करून गतिरोधक मागतो. म्हणजे वेग कमी असावा हे गावाला मान्यच आहे, केवळ ते मान्य करण्यापूर्वी एक बळी द्यावा लागतो. ज्या रस्त्यावरून मोटारीइतक्याच हक्काने शाळकरी मुले, सायकलस्वार आणि बैलगाड्या जातात, त्याची वेगमर्यादा त्यांतील सर्वांत दुबळ्या वाटसरूच्या जीविताकडे पाहून ठरली पाहिजे, आणि ती अपघातापूर्वी ठरली पाहिजे.